ठाणे-कल्याणची दारे आणि हवेचा पडदा

हवेचा पडदा म्हणजे दाराच्या चौकटीवर आडवी बसवलेली पंख्याची लांबट पेटी. तिच्या तळाशी एक अरुंद फट असते आणि त्या फटीतून हवेचा सपाट झोत जमिनीपर्यंत सोडलेला असतो. माणूस झोतातून आरपार जातो. आतली गार हवा, बाहेरची दमट हवा, धूळ आणि माश्या मात्र आपापल्या बाजूला राहतात, निदान राहाव्यात अशी अपेक्षा असते. बाजारात या यंत्राला सरसकट ‘एअर कर्टन’ म्हणतात. ठाण्याचा गोखले रोड, डोंबिवलीचा फडके रोड किंवा कल्याणचा शिवाजी चौक या भागांत एखाद्या वातानुकूलित दुकानात शिरताना डोक्यावर अचानक वारा येतो आणि केस विस्कटतात, तो याच यंत्राचा. यंत्र इथे नवे आहे. दार उघडे ठेवायचे आणि नको ते बाहेर ठेवायचे ही खटपट मात्र या पट्ट्यात फार जुनी आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली खाडीकाठी वसलेली आहेत. हवा वर्षातले बहुतेक महिने दमट असते आणि दमट हवेत सावलीपेक्षा वाऱ्याची झुळूक महत्त्वाची ठरते. जुन्या घरांची रचना त्या झुळुकेभोवती झालेली दिसते. पुढे पडवी किंवा ओटी, मग माजघर, मग मागची पडवी आणि परसू. पुढचे दार आणि मागचे दार शक्यतो एका रेषेत. दोन्ही दारे उघडी टाकली की घरातून वारा वाहायचा. जिल्ह्यातल्या गावपाड्यांवर कारवीच्या काड्यांचा कूड असे. शेणमातीने तो लिंपला तरी पुरता हवाबंद होत नसे, आणि उन्हाळ्यात ते सोयीचेच होते. दाराला लाकडी कवाड परवडत नसेल तिथे बांबूची ताटी लावत. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांतली ताटी ती हीच. पावसाळा तोंडावर आला की पडवीच्या उघड्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधले जात. झापामुळे पावसाची झड अडायची, वारा मात्र थोडाफार आत यायचा.

वाड्यांची गोष्ट वेगळी. कल्याण हे पेशवाईत सुभ्याचे ठिकाण. वाड्याच्या मोठ्या दरवाजाला अडसर, आणि त्याच दरवाजात माणूस वाकून जाईल एवढी छोटी दिंडी. मोठा दरवाजा सणाकार्याला, पालखी-बैलगाडीला. एरवी ये-जा दिंडीतून. संरक्षण हा तिचा मुख्य हेतू, पण जायला लागेल तेवढेच भोक उघडायचे हा विचार त्या दिंडीत पक्का होता, आणि आजच्या यंत्राच्या निवडीतही तोच पहिला येतो. उंबरठ्याचेही तसेच. त्याला हळदकुंकू वाहतात, त्याच्यापुढे रांगोळी काढतात. शिवाय अंगणातले पाणी, सरपटणारा जीव आणि वाऱ्याबरोबर जमिनीलगत येणारा केर तो अडवतो. थंड हवा जड असते आणि दाराच्या तळातून बाहेर सांडते, हे पुढे येणारच आहे. उंबरठा नेमका त्या तळाशी असतो.

वाळ्याच्या ताट्यांचा उल्लेख दाराच्या इतिहासात टाळता येत नाही. वाळ्याच्या मुळांची ताटी दारात टांगायची, तिच्यावर पाणी शिंपडायचे आणि तिच्यातून येणारा वारा गार आणि सुगंधी करून घ्यायचा. अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’त अशा वाळ्याच्या खोल्यांची नोंद आहे. इंग्रजांनी ही रीत बंगल्यांत उचलली आणि पुढे रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या डब्यांतही नेली. पण ही युक्ती कोरड्या हवेची आहे. पाण्याची वाफ होते तेव्हा हवा गार होते, आणि हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर वाफ होणार कुठून? नागपूरला, जळगावला ताटी चालते. ठाण्याला ओली ताटी म्हणजे दमटपणात भर. कल्याण जंक्शनला रेल्वेचे दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे. दोन्ही घाट चढून वर गेले की हवा कोरडी होऊ लागते. ताटी, आणि तिचा आजचा वंशज असलेला कूलर, यांचे राज्य तिथून पुढे. घाटाखाली दारापाशी हवा गार करण्याचा स्वस्त उपाय कधी नव्हताच. म्हणून इथे दार उघडे ठेवण्यावर भर राहिला.

रेल्वे मुंबईहून ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी आली आणि कल्याणपर्यंत पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये. तिच्यामुळे स्टेशनाबाहेरच्या बाजारपेठा वाढल्या आणि दारांचा दुसरा प्रकार ठळक झाला, तो म्हणजे दुकानाचे तोंड. जुन्या दुकानाला दार असे नव्हतेच. रस्त्याच्या बाजूची अख्खी भिंत उघडी असे आणि रात्री ती लाकडी फळ्यांनी बंद केली जाई. चौकटीच्या वरच्या-खालच्या खाचांत एकेक फळी सरकवायची. फळ्यांवर खडूने किंवा रंगाने आकडे, कारण तिसरी फळी पाचवीच्या जागी बसत नसे. शेवटच्या फळीला कडी-कोयंडा आणि कुलूप. सकाळी फळ्या काढून भिंतीला लावल्या की दुकान ‘उघडले’. मालक गादीवर, गिऱ्हाईक रस्त्यावर किंवा ओट्यावर, आणि दोघांच्या मधे काहीच नाही. धूळ यायची, माश्या यायच्या. मिठाईवर मलमल, पेढ्यांना जाळीचे कपाट, गुळाच्या ढेपेवर गोणपाट. उन्हाला बांबूची चिक, पावसाला ताडपत्री. फळ्यांची जागा पुढे पत्र्याच्या गुंडाळी शटरने घेतली, पण व्यवहार तोच राहिला. शटर वर गेले की अख्खे तोंड उघडे. ‘शटर अर्धे ओढले’ म्हणजे दुकान बंद होत आले, हे आजही लहान मुलाला कळते.

या उघड्या तोंडामागे एक समजूतही होती आणि अजून आहे. तिन्हीसांजेला घराचे दार लावून घेत नाहीत, कारण ती लक्ष्मीची यायची वेळ. दुकानदार हा नियम दिवसभर पाळतो. बंद दार दिसले की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते, हे त्याचे ठाम मत, आणि ते निव्वळ श्रद्धेपोटी आलेले नाही. लोकलमधून उतरून घाईने घराकडे निघालेल्या माणसाला दार ढकलायला लावणे म्हणजे त्याला विचार करायला वेळ देणे.

घरांमध्ये याच काळात उलटा प्रवास सुरू होता. चाळीत दार दिवसभर उघडे आणि आडोसा म्हणून दोरीवर सरकणारा अर्धा पडदा. पडद्याखालून पाय दिसत, वरून वारा जाई. मग फ्लॅट आले. तीन-चार मजली इमारतींतल्या ब्लॉकना मागचे दार नव्हते, त्यामुळे पुढचे दार लावले की आरपार वारा संपला. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे सेफ्टी डोअर. बाहेरचे जाळीचे किंवा गजांचे दार बंद, आतले लाकडी दार उघडे. चोर बाहेर, वारा आत. डासांसाठी त्यावर बारीक जाळी चढली. हा प्रकार जिन्याजिन्यात इतका रुळला की तो कधीतरी नव्याने आलेला होता हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मण्यांचे पडदे मधेच येऊन गेले. ते शोभेचे होते, उपयोगाचे नव्हेत.

कृत्रिम गारव्याने सारा हिशेब पालटला. मुंबईत १९३३ साली सुरू झालेले रीगल हे वातानुकूलित चित्रपटगृह म्हणून गाजले. अशा थिएटरांनी दाराचा प्रश्न मधली मोकळी जागा ठेवून सोडवला. बाहेरचे दार, मग लॉबी, मग आतले दार आणि त्याला जाड पडदा. दोन्ही दारे एकाच वेळी उघडत नसल्याने गारवा आत राहायचा. स्टेशनाजवळच्या दहा फुटी गाळ्याला ही चैन कुठली परवडणार?

ठाण्याच्या बाबतीत एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. त्याच शहरात पोखरण रस्त्याच्या परिसरात व्होल्टास आणि ब्लू स्टार या कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. ब्लू स्टार १९४३ सालची, व्होल्टास १९५४ सालची. म्हणजे देशभरच्या कचेऱ्या थंड करणारी यंत्रे ज्या शहरात बनत होती, त्या शहरातली दुकाने चिक, ताडपत्री आणि छताच्या पंख्यावर दिवस काढत होती. दुकानांत एसी सर्रास आला तो फार पुढे, बँका, सराफी पेढ्या आणि साड्यांच्या दुकानांच्या वाटेने. तो आला आणि उघड्या तोंडाला काच बसली. काचेच्या दाराला आपोआप मिटवणारा क्लोजर, त्यावर ‘ढकला’ आणि ‘ओढा’ अशा पट्ट्या, आणि दारापाशी स्टुलावर बसलेला एक माणूस, ज्याचे काम गिऱ्हाईक दिसताच दार उघडून धरणे एवढेच. दुकानदाराने बंद दाराचा दोष अशा रीतीने पगार देऊन झाकला.

पाश्चात्त्य देशांत हाच प्रश्न थंडीच्या बाजूने आला. थिओफिलस व्हॅन कॅनेल या अमेरिकी गृहस्थाने १८८८ साली फिरत्या दाराचे पेटंट घेतले. वारा, बर्फ, धूळ आणि रस्त्यावरचा गोंगाट बाहेर ठेवायचा आणि माणसे आत घ्यायची, हा त्याचा उद्देश. हवेचा झोत वापरून दार ‘लावण्याची’ कल्पना त्याच विचारातून वाढली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या प्रवेशद्वारांवर ती रुळली. तिथे झोत बहुधा ऊन केलेला असतो. आपल्याकडे मूळ कल्पनेतली शेगडी काढून टाकली आणि पंखा तेवढा ठेवला. परदेशी माहितीपत्रकांत हीटरचे रकाने अजून दिसतात. ठाण्याच्या गिऱ्हाइकाने ते सरळ ओलांडून पुढे जावे.

ठाणे-कल्याण पट्ट्यात हा पडदा ठळकपणे दिसू लागला तो मॉलच्या काळात. ठाण्यात कोरम मॉल २००९ साली आणि विवियाना २०१३ साली सुरू झाला. सुटीच्या दिवशी मॉलचे दार मिटायला वेळच मिळत नाही, आणि अशा ठिकाणी क्लोजर असून नसल्यासारखा. याच सुमारास कायद्याचाही रेटा आला. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याखालचे परवान्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. खाद्यपदार्थ बनवण्याच्या जागेच्या खिडक्या-दारांना कीटक अडवणारी जाळी असावी आणि दारांना स्प्रिंग असावी, असे त्यांच्या परिशिष्ट ४ मध्ये म्हटले आहे. जाळी आणि स्प्रिंग हे जुनेच उपाय. पण जिथे ट्रे घेऊन माणसे सतत ये-जा करतात, तिथे स्प्रिंगच्या दाराखाली वीट लावून ते उघडे ठेवले जाते, हे कुठल्याही भटारखान्यात दिसेल. अशा दारांवर हवेचा पडदा चढला. कल्याण-डोंबिवलीत याच्या आधीची काही वर्षे भारनियमनाची होती. वीज गेली की एसीही बंद आणि पडदाही बंद, मग काचेचे दार सताड उघडे. त्या काळात या यंत्रावर खर्च करायला दुकानदार धजावला नाही, यात नवल नाही.

या पट्ट्यातले सर्वांत महत्त्वाचे दार मात्र दुकानाचे नाही, लोकलचे आहे. डोंबिवलीच्या प्रवाशासाठी डब्याचे उघडे दार हीच वाऱ्याची एकमेव वाट होती, आणि जीव जाण्याचीही. मध्य रेल्वेवर वातानुकूलित लोकल जानेवारी २०२० मध्ये ठाणे-पनवेल मार्गावर आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कल्याणच्या मुख्य मार्गावर. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारातले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारे बसवायचे ठरले. आराखड्यात दारांना झरोके, छतावर ताजी हवा आत घेणारी यंत्रे आणि डब्यांना जोडणारी वाट आली. दार मिटायचे तर वाऱ्याची वेगळी सोय करावी लागते, हे कोकणातल्या घराला ठाऊक असलेले सत्य रेल्वेच्या कागदावर उतरायला इतकी वर्षे लागली.

हवेचा पडदा नेमके काय वाचवतो हे साध्या गणितातून दिसते. दार ४ फूट रुंद आणि ७ फूट उंच धरावे. बाहेर ३३ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता, आत २४ अंश आणि ५५ टक्के. वारा अजिबात नसला तरी दाराच्या खालच्या निम्म्या भागातून गार हवा बाहेर सांडते आणि वरच्या निम्म्यातून गरम हवा आत शिरते. दार सतत उघडे असेल तर ही देवघेव सेकंदाला सुमारे ४०० लिटरच्या घरात जाते. आत आलेली हवा पुन्हा गार आणि कोरडी करायला साधारण साडेचार टन क्षमतेचा एसी लागेल, आणि यातला जवळजवळ पाऊण भार तापमानाचा नसून बाष्पाचा आहे. वाळ्याच्या ताटीला हरवणारे बाष्प ते हेच. चांगला बसवलेला पडदा या देवघेवीतला साधारण ६० ते ८० टक्के भाग अडवतो. मिटलेले दार जवळजवळ सगळाच अडवते. म्हणून जिथे तासाला मोजकी माणसे येतात, त्या दवाखान्याला किंवा कचेरीला बरा क्लोजर पुरतो; पडदा हा दार मिटायला उसंत नसलेल्या जागेसाठी आहे. ‘एसी घेतला, आता कर्टनही घ्या’ या विक्रेत्याच्या आग्रहाला हे उत्तर पुरेसे आहे.

निवडीत पहिली चूक रुंदीची होते. यंत्रे ३, ४, ५, ६ फूट अशा लांबींत मिळतात. ४ फुटांच्या दारावर ३ फुटांचे यंत्र बसवले तर उरलेल्या एका फुटातून हवा बिनबोभाट जाते, उलट झोताच्या ओढीने थोडी जास्तच. यंत्र दाराएवढे किंवा थोडे अधिक लांब हवे. मोठ्या तोंडावर दोन यंत्रे लावायची तर मधे फट नको. दुसरी चूक उंचीची. झोत खाली येताना आजूबाजूची हवा ओढून घेतो, रुंदावतो आणि मंदावतो. ७ फुटांच्या दारासाठी बनवलेले यंत्र १० फुटांच्या शटरच्या पेटीखाली टांगले की त्याचा झोत गुडघ्यापाशीच विरतो, आणि गार हवा नेमकी गुडघ्याखालून जाते. जुन्या गाळ्यांत ही चूक सर्रास दिसते, कारण शटरची उंची हीच दाराची उंची धरली जाते. तिथे वरचा भाग काचेने किंवा फळीने बंद करून दार ७ फुटांवर आणणे मोठे यंत्र घेण्यापेक्षा स्वस्त पडते. वाड्याच्या दिंडीतही हीच अक्कल होती.

वेग कशासाठी हवा हेही ठरवावे लागते. अन्नपदार्थांच्या जागांसाठीच्या अमेरिकी मानकात जमिनीपासून ३ फुटांवर झोताचा वेग मोजतात. गिऱ्हाइकांच्या दाराला सेकंदाला सुमारे ३ मीटर पुरतो. माल उतरवण्याच्या मागच्या दाराला, जिथे माश्या अडवायच्या असतात, सुमारे ८ मीटर लागतो. दुसरा वेग गिऱ्हाइकांच्या दारावर लावला तर साडीचा पदर आणि हातातली पावती दोन्ही उडतील. उलट मिठाईच्या कारखान्याच्या मागच्या दारावर कमी आवाजाचे, मंद झोताचे यंत्र म्हणजे निव्वळ शोभा.

वाऱ्याचा विचार सर्वांत कमी केला जातो आणि तोच इथे सर्वांत महत्त्वाचा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूला तोंड असलेल्या दुकानात भर जुलैत झोत आत वाकतो आणि पावसाचे तुषार सोबत घेऊन येतो. झोताचे तोंड थोडे बाहेरच्या बाजूला कलते ठेवायचे ते यासाठी. आत भटारखाना असेल आणि त्याचा एक्झॉस्ट पंखा मोठा असेल, तर तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी दारातून आत ओढली जाते. अशा ठिकाणी कितीही मोठा पडदा लावला तरी तो आतच झुकणार. आधी भटारखान्याला हवेची वेगळी वाट द्यावी लागते.

हे तपासायला उपकरण लागत नाही. दुकान उघडल्यावर मालक गल्ल्याला आणि उंबरठ्याला उदबत्ती ओवाळतो. तीच उदबत्ती दारात आधी जमिनीलगत आणि मग डोक्याच्या उंचीवर धरावी. पडदा नीट काम करत असेल तर धूर झोताबरोबर खाली जाऊन जमिनीवर दुभंगतो. तळाशी तो बाहेर पळत असेल तर झोत जमिनीला पोचत नाही. सगळीकडे आतच येत असेल तर वारा किंवा एक्झॉस्ट पडद्यावर मात करतो आहे. दारावर शनिवारी बांधलेले लिंबू-मिरची झोतात लटकत असेल, तर ते कोणत्या बाजूला झुकते यावरूनही अंदाज येतो. फक्त ते झोताच्या तोंडाशी बांधू नये. दोरा सुटून पंख्यात गेला की यंत्र उघडावे लागते.

भिवंडीच्या गोदामांतल्या शीतगृहांत गणित आणखी कडक होते. तिथे आत-बाहेरचा फरक तीस अंशांच्याही पुढे जातो, बाहेरच्या दमट हवेचे आत शिरताच दव आणि मग बर्फ होते, आणि जमीन निसरडी बनते. अशा दारांना जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे पडदे लावतात. हवेचा पडदा लावला तर तो बाहेरच्या, उबदार बाजूने. दुकानात मात्र यंत्र नेहमी आतल्या बाजूला. पट्ट्यांचा पडदा स्वस्त आहे, वीज खात नाही, पण तो खरवडून धुरकट होतो आणि गिऱ्हाईक त्याला हात लावायला कचरते.

शेवटी देखभाल. रस्त्याचे काँक्रीटीकरण सुरू असलेल्या कुठल्याही चौकात पंख्याच्या पात्यांवर महिन्याभरात धुळीचा थर बसतो आणि झोताचा वेग घटतो. जाळी महिन्यातून एकदा काढून धुवावी. दार मिटले की यंत्र बंद करणारा छोटा स्विच बसवून घ्यावा, नाहीतर रात्री शटरमागे पंखा चालू राहिल्याचे वीजबिलातून कळते. यंत्र घ्यायला जाण्याआधी दाराची रुंदी आणि जमिनीपासून पेटीच्या तोंडापर्यंतची उंची मोजून कागदावर लिहावी, आणि उदबत्तीचा प्रयोग मे महिन्यातल्या एका दुपारी व जुलैतल्या एका पावसाळी संध्याकाळी करून पाहावा.